लेडी डफरिन व त्यांचे कुटुंब

डफरिन हे नाव उच्चारले की जुन्या मुंबईकरांस प्रथम एका जहाजाची आठवण होते. इ. स. १९२७ पासून १९७२ पर्यंत मुंबई बंदरात ‘डफरिन’ या जहाजावर हिंदी तरुणांस नौकानयनाचे शिक्षण मिळत असे, आणि माझगाव, लालबाग, परळ या भागांतील पुष्कळ मुलांनी त्या जहाजाकडे मोठ्या आशेने पाहिले. ते नाव हिंदुस्थानच्या एका व्हाइसरॉयाचे होते. परंतु त्या व्हाइसरॉयाच्या पत्नीचे नाव याहून अधिक खोल व अधिक घरगुती ठिकाणी जाऊन बसले आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. अमरावतीत स्त्रियांचे सरकारी रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरिन’ आहे. सोलापुरात डफरिन चौक आहे. कलकत्त्यास लेडी डफरिन यांच्या नावाचे रुग्णालय आहे. जहाज गेले, राज्यही गेले. परंतु बाळंतिणीच्या खाटेशी जोडलेले हे नाव राहिले. ते कसे राहिले व ज्या बाईंचे ते नाव, त्यांचे आयुष्य कसे गेले, हे यंदाच्या अंकात आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

हॅरिअट जॉर्जिना रोवन-हॅमिल्टन यांचा जन्म ता. ५ फेब्रुवारी १८४३ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील डाउन परगण्यात, किलिले येथील किल्ल्यात झाला. सात भावंडांत त्या सर्वांत वडील. घराणे जुने व मानी होते. त्यांचे पणजोबा आर्चिबाल्ड हॅमिल्टन रोवन हे आयरिश देशभक्तांच्या चळवळीत सामील होते. त्यापायी त्यांस तुरुंगवास घडला व पुढे १७९४ साली देश सोडून पळावे लागले. म्हणजे जी बाई पुढे राणीच्या प्रतिनिधीची पत्नी म्हणून हिंदुस्थानात आली, तिच्याच घरात राजसत्तेविरुद्ध उभे राहिलेल्या पुरुषाची आठवण ताजी होती. इतिहास वाचताना माणसांस एका रंगात रंगवू नये, हा धडा येथूनच घ्यावा.

किलिलेच्या या हॅमिल्टन घराण्याचा व शेजारच्या क्लँडिबॉय येथील ब्लॅकवुड घराण्याचा वारशावरून जुना तंटा होता. आपल्याकडे भाऊबंदकीत घराची मधली भिंत घालतात, तसाच हा प्रकार: किल्ला एका शाखेकडे व त्याच्या दारावरची देवडी दुसऱ्या शाखेकडे, अशी वाटणी झालेली होती. ब्लॅकवुड घराण्याचे तरुण प्रमुख फ्रेडरिक, लॉर्ड डफरिन, यांनी ती देवडी नव्याने बांधून हॅमिल्टनांस परत केली, आणि ता. २३ ऑक्टोबर १८६२ रोजी त्यांचा विवाह हॅरिअट यांच्याशी झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर अशा रीतीने एका मंगलकार्याने मिटले. वधूचे वय त्या वेळी एकोणीस वर्षांचे, तर वर छत्तीस वर्षांचे. वधूचे वडील दोनच वर्षांपूर्वी, १८६० साली, निवर्तले होते. मुलगी सासरी गेली ती आईशी पत्रांचा धागा बांधूनच. देशोदेशी जेथे जेथे त्या गेल्या, तेथून त्यांनी आईस नियमाने पत्रे लिहिली. आणि पुढे त्याच पत्रांतून त्यांची कॅनडा, हिंदुस्थान, रशिया व तुर्कस्तान येथील वास्तव्याची पुस्तके तयार झाली. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की, घरी लिहिलेले साधे, खरे पत्र हेही कधी कधी इतिहासाचे साधन होते.

लॉर्ड डफरिन हे मुत्सद्दी होते. त्यांच्या आई हेलन या प्रसिद्ध नाटककार शेरिडन यांच्या नात व स्वतः कवयित्री होत्या. अशा तेजस्वी सासूच्या व वयाने मोठ्या पतीच्या घरात तरुण सून दबून जाणे अगदी सहज होते. हॅरिअट मुळच्या लाजऱ्या, मितभाषी. परंतु १८७२ साली पती कॅनडाचे गव्हर्नर-जनरल झाले आणि या बाईंचे खरे गुण तेथे उमलू लागले. दूरदूरचे प्रवास, सभा-समारंभ, पाहुण्यांचा राबता हे सर्व त्यांनी सांभाळले. राजधानी ओटावा येथील आपल्या निवासात घरगुती नाटके बसवून त्यांत स्वतः भूमिका केल्या. १८७८ साली कॅनडाचा मुक्काम संपला. पुढे रशिया व नंतर तुर्कस्तान येथे पती वकील म्हणून राहिले व बाईही त्यांच्यासमवेत होत्या. या सर्व धावपळीत सात मुलांचे संगोपन चालले होते: आर्चिबाल्ड, टेरेन्स, बेसिल व फ्रेडरिक हे चार मुलगे आणि हेलन, हर्मायनी व व्हिक्टोरिया या तीन मुली. यांपैकी व्हिक्टोरिया व फ्रेडरिक ही शेवटची दोन मुले कॅनडातच जन्मली.

१८८४ साली लॉर्ड डफरिन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय नेमले गेले. विलायतेहून निघण्यापूर्वी व्हिक्टोरिया राणींनी लेडी डफरिन यांस एक काम सांगितले: हिंदुस्थानातील स्त्रियांना आजारपणात व बाळंतपणात वैद्यकीय मदत मिळत नाही, त्यासाठी काही करता येईल तर पाहावे. राणींच्या मनात हा विचार कोठून आला, हे जाणण्याजोगे आहे. १८८१ साली मिस एलिझाबेथ बेल्बी या मिशनच्या वैद्यकीय सेविकेने पन्ना संस्थानच्या महाराणीस उपचार केले होते. महाराणीने आपल्या देशभगिनींचे दुःख राणीच्या कानी घालण्याचा निरोप तिच्याबरोबर धाडला आणि मिस बेल्बी यांनी तो प्रत्यक्ष भेटीत पोहोचविला. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, शिक्षण कमिशनपुढे पुण्यास पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली व स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण मिळाले पाहिजे असा आग्रह धरला. त्या साक्षीचा आशयही राणीपर्यंत गेला, असे रमाबाईंच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. तेव्हा या कार्याचे मूळ केवळ राजवाड्यात नव्हते. एका महाराणीच्या व्यथेत, एका सेविकेच्या निष्ठेत व आपल्या एका मराठी विदुषीच्या धीट शब्दांतही ते होते.

१८८४ च्या डिसेंबर महिन्यात डफरिन पतिपत्नी मुंबई बंदरी उतरली. ज्या कामाची जबाबदारी बाईंवर पडली होती, त्याचा आरंभ या नगरीने आपल्या हिमतीवर आधीच केला होता, हे मुंबईकरांनी अभिमानाने सांगावे. सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी गृहस्थ व जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी फंड उभारला. त्यांच्या बोलावण्यावरून १८८३ च्या अखेरीस डॉ. ईडिथ पीची या विदुषी मुंबईस आल्या. त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दरवाजे विद्यार्थिनींस उघडले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा हॉस्पिटलाचा पाया १८८३ साली घातला गेला व १८८६ साली ते सुरू झाले. बोरीबंदराजवळून जाणारा प्रत्येक मनुष्य ते आजही पाहतो.

त्या काळची स्थिती कशी होती? उत्तरेकडे पडद्याची चाल कडक होती. आपल्या महाराष्ट्रात तशी नव्हती. तथापि पुरुष डॉक्टरापुढे अंगावरचे दुखणे उघड करण्यास आपल्या आज्या-पणज्यांचेही मन धजत नसे. गिरगावातील वाड्यांत काय किंवा पुढे परळ-लालबागेत गिरण्या वाढल्यावर उभ्या राहिलेल्या चाळींत काय, बाळंतपण म्हणजे एक अंधारी खोली, एक सुईण व देवावर भरवसा, इतकेच असे. सुइणीचा हात अनुभवी असे, पण स्वच्छतेचे शास्त्र तिला कोणी शिकविलेले नसे. मूल आडवे आले तर तिचा उपाय चालत नसे. बाळंतरोगाने किती घरांतील दिवे मालवले याची गणती कोणी ठेविली नाही. आमच्या वाचकांनी आपल्याच घरातील वडील मंडळींस विचारून पाहावे. बाळंतपणात गेलेली एखादी चुलत आजी, एखादी मावशी बहुतेक प्रत्येक कुळात निघेल. रोगास गरीब-श्रीमंत हा भेद कळत नाही, हे तर परळच्या गव्हर्नरांच्या बंगल्यानेही दाखविले होते. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी कॉलऱ्याने मरण पावली. पुढे त्याच वास्तूत हाफकिन यांची प्रयोगशाळा आली.

लेडी डफरिन यांनी प्रथम सर्व प्रांतांतून माहिती मागविली, जाणत्यांची मते विचारली आणि मग १८८५ च्या ऑगस्टात हिंदुस्थानातील स्त्रियांस वैद्यकीय मदत पुरविणारी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. हीच पुढे डफरिन फंड या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे हेतू तीन: हिंदी स्त्रियांस डॉक्टर, सहायक व सुईण होण्याचे शिक्षण देणे, स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांच्या देखरेखीखाली दवाखाने व रुग्णालये काढणे, आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी घरोघर व रुग्णालयांत पुरविणे. प्रत्येक प्रांतात शाखा निघाल्या. मुंबई इलाख्यात गव्हर्नरांची पत्नी लेडी रे यांनी पुढाकार घेतला. संस्थानिकांनी देणग्या दिल्या. राणी स्वतः आश्रयदात्या झाल्या. लेडी डफरिन केवळ नावाच्या अध्यक्षा नव्हत्या. पत्रव्यवहार पाहणे, अहवाल तपासणे, गावोगावच्या स्त्रियांच्या शाळा व दवाखाने स्वतः पाहणे हे त्यांचे नित्याचे काम होते. आणि स्त्रियांशी दोन शब्द बोलता यावे म्हणून त्यांनी हिंदुस्थानी भाषेचेही धडे घेतले. रुडयार्ड किपलिंग यांनी त्यांच्या या कार्यावर १८८८ साली कविता लिहिली.

या संस्थेचा एक नियम असा होता की, तिच्या डॉक्टरांनी रुग्णांपुढे धर्मोपदेश करू नये. आमच्या मिशनरी मंडळींपैकी पुष्कळांस त्या काळी हा नियम रुचला नाही. स्त्री-वैद्यकीची वाट तर मिशनच्या डॉक्टरणींनीच प्रथम पाडली होती, डॉ. क्लारा स्वेन या १८७० पासून बरेलीस सेवा करीत होत्या. तेव्हा त्यांना वाईट वाटले यात नवल नाही. परंतु आज मागे वळून पाहता आम्हांस असे वाटते की, बाईंचा निर्णय योग्य होता. सर्व धर्मांच्या लोकांकडून त्यांनी पैसा घेतला होता व सर्वांस वचन दिले होते. दिलेले वचन पाळणे हीही ईश्वराची सेवाच आहे; आणि रुग्णाच्या उशाशी निमूटपणे केलेली शुश्रूषा ज्यास उपदेश वाटत नाही, त्यास शब्दांचा उपदेशही लागू पडणार नाही.

चरित्र लिहिताना दोष झाकून ठेवणे हे सत्याशी बेइमानी होय, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या फंडातील वरच्या जागा बहुधा युरोपियन स्त्रियांस मिळत व हिंदी स्त्रियांच्या वाट्यास दुय्यम जागा येत, अशी तक्रार होती व ती निराधार नव्हती. तरी अपवादही झाले. बंगालच्या डॉ. कादंबिनी गांगुली यांस १८८८ साली कलकत्त्याच्या लेडी डफरिन रुग्णालयात दरमहा ३०० रुपयांवर नेमले गेले. राजकारणाच्या बाजूसही असेच. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोवालिया तलावाजवळच्या तेजपाल पाठशाळेत राष्ट्रीय सभेचा जन्म झाला. १८८८ च्या अखेरीस, देश सोडताना, लॉर्ड डफरिन यांनी त्याच सुशिक्षित वर्गास अत्यल्पसंख्य म्हणून हिणविले. ते शब्द लोक विसरले नाहीत. पतीचे बोल कडू ठरले व पत्नीचे कार्य गोड, असे एकाच घरात घडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व दोन्ही लक्षात ठेवाव्या.

याच वर्षांत आपल्या महाराष्ट्राच्या दोन कन्यांचे नाव सर्वत्र गाजत होते. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु काम हाती घेण्याआधीच ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. दुसऱ्या रखमाबाई. लहानपणी झालेल्या विवाहाच्या दाव्यात मुंबईच्या न्यायालयात १८८४ पासून १८८८ पर्यंत त्यांस झुंजावे लागले. डॉ. पीची आदी हितचिंतकांच्या साहाय्याने त्या १८८९ साली विलायतेस गेल्या, डॉक्टर झाल्या व १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. फंड काढून इमारती उभ्या राहतात. पण त्या इमारतीत जाऊन उभे राहण्यासाठी अशा जीवावर उदार होणाऱ्या स्त्रिया लागतात. पैसा व प्राण या दोहोंची जोड पडली तेव्हाच हे कार्य रुजले.

१८८८ च्या डिसेंबरात डफरिन कुटुंब मुंबईहूनच परत गेले. लॉर्ड डफरिन यांस मार्क्विस ही पदवी मिळाली. रोम व पॅरिस येथील वकिलाती सांभाळून १८९६ साली ते निवृत्त झाले. आता क्लँडिबॉय येथे शांतपणे उतारवय घालवावे, असे दिवस आले. परंतु सुखाचे फासे येथूनच उलटे पडू लागले. वडील मुलगा आर्चिबाल्ड दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात लेडीस्मिथजवळ जखमी होऊन १९०० च्या जानेवारीत मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीस, ज्या लंडनच्या कंपनीचे अध्यक्षपद लॉर्ड डफरिन यांनी विश्वासाने पत्करले होते, ती कंपनी बुडाली. शेकडो भागीदारांचे नुकसान झाले. त्यांचा स्वतःचा पैसाही बुडाला. ते तोंड लपवून बसले नाहीत. भागीदारांच्या सभेपुढे जाऊन उभे राहिले. परंतु पुत्रशोक व अपकीर्ती हे दोन घाव वृद्ध देहास सोसले नाहीत. ता. १२ फेब्रुवारी १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

लेडी डफरिन यांस यापुढे चौतीस वर्षांचे वैधव्य काढावयाचे होते. तिसरा मुलगा बेसिल हा हिलेअर बेलॉक यांच्या बालगीतांच्या पुस्तकांस गमतीदार चित्रे काढणारा विनोदी तरुण होता; तो महायुद्धात १९१७ साली बेल्जियममध्ये पडला. दुसरा मुलगा टेरेन्स, ज्यास पित्याची पदवी मिळाली होती, तो १९१८ साली न्यूमोनियाने गेला. शेवटचा फ्रेडरिक १९३० साली विमानाच्या अपघातात दगावला. चारही मुलगे आईच्या डोळ्यांदेखत गेले. जिने परक्या देशातील असंख्य माता व त्यांची मुले जगावी म्हणून खटपट केली, तिच्याच मांडीवरचे चार दिवे असे एकामागून एक विझले. या गोष्टीचा अर्थ आम्ही लावू जाणत नाही. देवाचे हिशेब माणसाच्या वहीत मांडता येत नाहीत, इतकेच म्हणून आम्ही थांबतो.

परंतु तिन्ही मुलींनी आईचा वारसा चालविला, आणि तो कागदपत्रांच्या वारशाहून मोलाचा ठरला. थोरली हेलन हिचे पती ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल होते. १९१४ साली युद्ध सुरू होताच तिने तेथे रेडक्रॉसची शाखा उभी केली व सरकारी निवासातील नृत्याचा दिवाणखाना मदतीचे सामान बांधण्यासाठी मोकळा केला. मधली हर्मायनी परिचारिकेचे शिक्षण घेऊन सेवेत राहिली व युद्धकाळी फ्रान्समध्ये जखमींची शुश्रूषा करीत होती. धाकटी व्हिक्टोरिया न्यूझीलंडचे गव्हर्नर लॉर्ड प्लंकेट यांची पत्नी. तेथे १९०७ साली अर्भकांच्या संगोपनासाठी डॉ. ट्रुबी किंग यांनी जी संस्था काढली, तिला या बाईंनी इतका जोराचा पाठिंबा दिला की ती संस्था प्लंकेट हेच नाव धारण करून आजही त्या देशातील तान्ह्या मुलांची काळजी वाहते. शिमल्याच्या व कलकत्त्याच्या वाड्यांत आईस अहवाल तपासताना पाहिलेल्या मुलींनी काय शिकून घेतले, हे यावरून दिसते. मुले आपले बोलणे फारसे ऐकत नाहीत; ती आपले हात काय करीत आहेत ते पाहतात. हे आमच्या पालक वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते.

ता. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, लेडी डफरिन यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आज परळमध्ये १९२६ साली उघडलेले वाडिया प्रसूतिगृह व त्याच वर्षाचे के. ई. एम. रुग्णालय ही आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची जन्मस्थाने आहेत. त्यांचे दाते वेगळे, इतिहास वेगळा. तथापि स्त्रीने बाळंतपणासाठी रुग्णालयात जावे, तेथे तिला स्त्री-डॉक्टर भेटावी व त्यात लाज वाटू नये, ही गोष्ट आपोआप घडली नाही. एका काळी ती अशक्य वाटत होती. ती शक्य करण्यासाठी बंगालींसारख्या गृहस्थांनी, पीचींसारख्या परदेशी विदुषींनी, रमाबाई, आनंदीबाई, रखमाबाई यांच्यासारख्या आपल्या कन्यांनी आणि लेडी डफरिन यांच्यासारख्या एका लाजऱ्या उमरावपत्नीने आपापला वाटा उचलला.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी रुग्णालयाच्या फाटकावरून जाल, तेव्हा तुमची आई एके रात्री त्या फाटकातून आत गेली होती व तुम्हांस घेऊन सुखरूप बाहेर आली, याची आठवण करा. आणि आमच्या मुलींपैकी कोणास वैद्यकी शिकावी असे मनात येत असेल, तर घरच्या वडील माणसांनी खर्चाचा व लोकांच्या बोलण्याचा विचार करण्याआधी, आपल्या कुळातील त्या न परतलेल्या चुलत आजीचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.